नाताळच्या पडद्यावर दिसलेला श्रीकृष्ण

बुलडाणा, प्रतिनिधी

डिसेंबरचा अखेरचा आठवडा आला की राजूर घाटातून वर येणारा वारा बुलडाण्यात अंगाला झोंबू लागतो. सकाळी गल्लोगल्ली शेकोट्या पेटतात, शेतांवर हुरड्याची बोलावणी सुरू होतात आणि ख्रिस्ती कुटुंबांच्या दारांवर कागदी चांदण्या लागतात. अमेरिकन मिशनऱ्यांच्या आगमनापासून वऱ्हाडात रुजलेला हा सण आता इतरांच्याही ओळखीचा झाला आहे. इतरांना तो ठाऊक आहे तो मात्र प्रामुख्याने सुटीच्या रूपाने. नाताळची सुटी म्हणजे शाळेला कुलूप, मामाचे गाव आणि रात्री सर्वांनी मिळून पाहिलेला सिनेमा, हे समीकरण या जिल्ह्यातील निदान तीन पिढ्यांच्या मनात पक्के बसलेले आहे. आजोबांच्या पिढीने तो जत्रेतल्या तंबूत, जमिनीवर पोते अंथरून पाहिला. वडिलांच्या पिढीने एका रात्रीसाठी भाड्याने आणलेल्या व्हिडिओवर तीन-तीन चित्रपट सलग पाहिले आणि पहाटे चहा घेऊनच सतरंज्या गुंडाळल्या. प्रस्तुत प्रतिनिधीच्या लहानपणी व्हिडिओची जागा तबकड्यांनी घेतली होती, परंतु सतरंजी तीच होती आणि अर्धी गल्ली त्याच खोलीत कोंबून बसलेली असे.

कुटुंबासह सिनेमा पाहण्याच्या या रिवाजाच्या मुळाशी एका मराठी गृहस्थाच्या आयुष्यातील एक नाताळ आहे, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानी नसते. १९१० सालच्या नाताळात मुंबईच्या गिरगावातील अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेस या तंबूवजा चित्रगृहात चाळिशीला आलेला, हातचा धंदा सुटलेला, पुढे काय करावे या विवंचनेत असलेला एक ब्राह्मण गृहस्थ येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहण्यास गेला. त्याचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. पुढे अवघा देश त्यांना दादासाहेब फाळके या नावाने ओळखू लागला.

या प्रसंगाच्या तारखेविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. काहींच्या मते तो १९११च्या एप्रिलमधील ईस्टरचा आहे. त्यांच्या सांगण्याप्रमाणे फाळके आदल्या दिवशी थोरल्या मुलाला, भालचंद्रला, घेऊन प्राण्यांची चित्रे पाहून आले. पडद्यावर जनावरे चालतात, हे मुलाने घरी येऊन सांगितले तेव्हा कोणाचाही विश्वास बसेना, म्हणून दुसऱ्या दिवशी सर्वांनाच नेले, तो ईस्टरनिमित्त ख्रिस्तचरित्र लागलेले. नाताळ असो वा ईस्टर, कथेचा गाभा बदलत नाही. घरातील एकाने अद्भुत काही पाहिले आणि ते घरच्या माणसांना दाखविल्यावाचून त्याला राहवले नाही. नाताळची कथा जनमानसात अधिक रुजली आहे, आणि थंडीत उबेला बसून ऐकण्याजोगी तीच आहे, हेही कबूल केले पाहिजे.

त्या चित्रगृहात फाळक्यांच्या मनात काय घडले, हे त्यांनी पुढे १९१७ मध्ये ‘नवयुग’ मासिकात लिहून ठेवले. डोळ्यांसमोरून ख्रिस्ताच्या चरित्रातील प्रसंग सरकत होते आणि त्यांना दिसत होते राम आणि कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या. आपल्या लोकांना आपले देव अशाच रीतीने पडद्यावर केव्हा पाहावयास मिळतील, या एकाच प्रश्नाने त्यांना झपाटले. खेळ संपला तेव्हा ते घरी धावले आणि पत्नी सरस्वतीबाईंना घेऊन पुन्हा आले. जाण्यायेण्याच्या खर्चासाठी शेजाऱ्यांकडून उसने पैसे घ्यावे लागले, असे सांगतात. चित्रे हलतात ती कशाने, हे त्यांनी पत्नीला समजावून दिले आणि आपणही हेच करणार, असे त्याच दिवशी जाहीर केले. सरस्वतीबाईंनी त्यावेळी त्यांना वेड्यात काढले असते तरी कोणी त्यांना दोष दिला नसता. त्यांनी तसे केले नाही. त्यांच्या या न काढलेल्या शब्दाची किंमत त्यांना पुढे दागिन्यांनी मोजावी लागली.

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. (खामगावचा कापूस मुंबईकडे नेण्यासाठी जलंबपासूनचा रेल्वेफाटा सुरू झाला तेही याच वर्षी.) वडील संस्कृतचे जाणते विद्वान. त्यांना मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात अध्यापकाची जागा मिळाली आणि कुटुंब मुंबईस आले. विल्सन महाविद्यालय स्कॉटिश मिशनऱ्यांचे. त्र्यंबकेश्वरच्या शास्त्र्याच्या घरची चूल एका ख्रिस्ती संस्थेच्या वेतनावर पेटत होती आणि पुढे त्याच शास्त्र्याच्या मुलाला ख्रिस्ताच्या चित्रपटातून कृष्ण दिसला, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला, छायाचित्रण, छपाईची तंत्रे असे बरेच काही आत्मसात केले. जादूचे प्रयोगही ते करीत. गोध्र्यास छायाचित्रणाचा व्यवसाय थाटला, परंतु प्लेगने पहिली पत्नी आणि मूल हिरावून नेले आणि तो संसार तेथेच संपला. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. माहेरच्या गिरिजा करंदीकर त्या सरस्वतीबाई. काही काळ पुरातत्त्व खात्यात नोकरी केल्यावर स्वदेशीच्या चळवळीच्या वातावरणात त्यांनी ती सोडली आणि लोणावळ्यास ब्लॉक व छपाईचा कारखाना काढला. राजा रविवर्म्याच्या छापखान्याची कामे त्यांच्याकडे येत. देवादिकांची रंगीत चित्रे घरोघरी पोहोचविणाऱ्या त्या छपाईत त्यांचा हात होता, ही बाब पुढील उलगड्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. १९०९ मध्ये नवी यंत्रे आणण्यासाठी ते जर्मनीसही जाऊन आले. परंतु भागीदारांशी बिनसले आणि स्वतः उभारलेल्या छापखान्यातून ते रिकाम्या हाताने बाहेर पडले. गिरगावच्या त्या चित्रगृहात शिरलेला माणूस हा असा होता. कलेची सगळी अंगे अवगत असलेला आणि खिशात दिडकी नसलेला.

त्यानंतरचे महिने विलक्षण होते. मुंबईत येणारा प्रत्येक चित्रपट पाहावयाचा, घरी येऊन खेळण्यातील यंत्रावर फिल्मचे तुकडे फिरवून पाहावयाचे, मेणबत्तीच्या उजेडात आणि भिंगातून भिंतीवर चित्र पाडावयाचे, असा क्रम रात्र रात्र चालला. झोप तुटली, डोळे सुजले आणि एक वेळ अशी आली की दृष्टीच गेली. वैद्यकीय उपचारांनी आणि तीन-चार चष्म्यांच्या आधाराने ती परत मिळाली. पुढे जो माणूस देशाला चित्रपट दाखविणार होता, तो या काळात काही दिवस आंधळा होता.

विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२च्या फेब्रुवारीत ते लंडनला निघाले. तेथे कोणाचीही ओळख नव्हती. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाची पाटी पाहून ते सरळ संपादकांच्या खोलीत शिरले. या धंद्यात कित्येक लोक बुडाले आहेत, हिंदुस्थानात तर तो चालणे कठीणच, असा सल्ला संपादकांनी दिला. तरीही फाळक्यांची जिद्द पाहून त्यांनीच त्यांची गाठ सेसिल हेपवर्थ या निर्मात्याशी घालून दिली. हेपवर्थच्या कलागृहात फाळक्यांना सर्व विभाग मोकळेपणी पाहावयास मिळाले. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फिल्मला कडेची भोके पाडण्याचे यंत्र आणि कच्च्या फिल्मची मागणी नोंदवून ते एप्रिलच्या आरंभी परतले.

भांडवलासाठी काहीतरी करून दाखविणे भाग होते. फाळक्यांनी कुंडीत एक दाणा पेरला आणि महिनाभराहून अधिक काळ त्या अंकुराचे रोज थोडेथोडे चित्रण केले. पडद्यावर ते रोप मिनिटभरात जमिनीतून वर आले, वाढले आणि पसरले. पाहणाऱ्या स्नेह्यांपैकी काहींनी पैसा पुढे केला, उरलेला सरस्वतीबाईंच्या दागिन्यांतून आला. हिंदी चित्रपटसृष्टीचे पहिले भांडवल मराठी बाईच्या अंगावरील सोने होते, असे म्हटल्यास त्यात अतिशयोक्ती फार थोडी.

दादरच्या मथुरादास भवनात ‘राजा हरिश्चंद्र’चे काम सुरू झाले. त्याचे सारे वृत्त वाचताना जाणवते ते असे की, हा चित्रपट कोणा कंपनीने नव्हे तर एका घराने काढला. हरिश्चंद्र झाले दत्तात्रेय दामोदर दाबके. तारामतीसाठी स्त्री मिळेना. त्या काळी वेश्यावस्तीतील स्त्रियाही कॅमेऱ्यासमोर येण्यास कचरत. अखेर ग्रँट रोडवरील एका खानावळीत दहा रुपये पगारावर आचाऱ्याचे काम करणारे अण्णा साळुंके पंधरा रुपयांवर तारामती झाले. स्त्रीपार्टी नटांनी मिशा काढण्यास घातलेले आढेवेढे आणि फाळक्यांनी त्यांच्या वडीलधाऱ्यांची काढलेली समजूत, हा भाग आजही हसू आणतो. सिनेमात काम करणे कमीपणाचे मानले जाई, म्हणून नटांनी विचारणाऱ्यांना आपण हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरीस आहोत, असे सांगावयाचे ठरले होते. वांगणी येथे बाह्यचित्रणास मंडळी गेली असता भाले-तलवारी घेतलेले हे लोक पाहून दरोडेखोर आल्याची वर्दी गावकऱ्यांनी दिली आणि सर्वांना अडकवून ठेवण्यात आले. फाळक्यांनी कॅमेरा चालवून दाखविला तेव्हा कोठे सुटका झाली.

या सगळ्यामागे सरस्वतीबाईंचे स्वयंपाकघर होते. साठ-सत्तर माणसांचे जेवण त्या घरातून होई. दिवसा भर उन्हात पांढरी चादर धरून त्या नटांच्या तोंडावर उजेड पाडीत आणि रात्री मुले निजल्यावर अंधारखोलीत फिल्मला भोके पाडण्यास, रसायने कालविण्यास बसत. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत आज ज्या कामांना स्वतंत्र खाती आणि स्वतंत्र नावे आहेत, त्यांपैकी चार-पाच तरी त्यांनी एकटीने केली. त्यांचे नाव मात्र दीर्घकाळ पतीच्या चरित्रातील एखाद्या परिच्छेदापुरतेच राहिले. या अन्यायाचे परिमार्जन अलीकडे थोडेफार होत आहे. २००९ मध्ये आलेल्या परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या चित्रपटाने हे घर त्याच्या हसण्या-खेळण्यासह प्रेक्षकांपुढे उभे केले आणि सरस्वतीबाईंना त्यात त्यांची जागा मिळाली.

रोहिदासाची भूमिका कोणाला द्यावी, हाही प्रश्नच होता. कारण रोहिदासाला मरावे लागते आणि आपल्या मुलाला, खोटे का होईना, मेलेले पाहण्यास कोणते आईबाप तयार होणार? फाळक्यांनी स्वतःच्या भालचंद्रला उभे केले. चित्रणाच्या वेळी खेळताना तो खडकावर पडला, डोक्याला मार लागला आणि त्याची शुद्ध हरपली. काम थांबवून मुलाला मुंबईस न्यावे, असे सर्वांचे मत पडले. प्रथमोपचार झाले. मग फाळक्यांनी विचार केला की, पुढील प्रसंगात रोहिदास निश्चेष्टच पडलेला हवा आहे, आणि त्यांनी तो प्रसंग तशाच अवस्थेत चित्रित केला. हा प्रसंग बहुधा त्यांच्या निष्ठेचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत प्रतिनिधीला तो वाचताना दरवेळी अस्वस्थ व्हावयास होते. ध्येयवेडापायी स्वतःचे डोळे पणाला लावणे निराळे आणि बेशुद्ध मुलावर कॅमेरा रोखणे निराळे. त्या दिवशी सरस्वतीबाईंना काय वाटले, याची नोंद कोठे आढळत नाही.

सहा महिने सत्तावीस दिवसांच्या खटपटीनंतर ३,७०० फुटांचा मूकपट तयार झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिम्पिया चित्रगृहात निमंत्रितांना आणि ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशनमध्ये सर्वसामान्यांना तो दाखविण्यात आला. मुंबईने तो उचलून धरला. सुरतेस मात्र पहिल्या दिवशी अवघे तीन रुपये जमले. दोन आण्यांत सहा तास नाटक पाहण्याची सवय असलेल्या लोकांना तीन आण्यांत दीड तासाचा खेळ महाग वाटला. फाळक्यांनी मग जाहिरातीत हिशेबच मांडला. सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र आणि मोल केवळ तीन आणे. घासाघीस केल्यावाचून भाजीही न घेणाऱ्या आपल्या समाजाची त्यांना किती अचूक पारख होती! ती जाहिरात वाचून गर्दी झाली.

त्याच वर्षी त्यांनी बिऱ्हाड आणि कारखाना नाशिकला हलविला. ‘मोहिनी भस्मासुर’ मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमळाबाई या मायलेकींनी भूमिका केल्या आणि पडद्यावर प्रथमच स्त्रिया दिसल्या. १९१७ मध्ये आलेल्या ‘लंकादहन’ मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. पडद्यावर राम आला की लोक पायातील वहाणा काढून हात जोडीत. मद्रासेत जमलेल्या नाण्यांची पोती बैलगाडीतून पोलिसांच्या पहाऱ्यात न्यावी लागल्याचे सांगतात. नाशिकरोड आणि आपले मलकापूर एकाच लोहमार्गावरील स्थानके. वऱ्हाडातील कापसाच्या पेठांतून हंगामाचा पैसा हाती आलेला शेतकरी थंडीत जत्रेला निघे आणि तंबूतल्या पडद्यावर देवादिकांचे चमत्कार पाही, त्या तंबूंचा वंश याच मूकपटांपर्यंत जाऊन पोहोचतो.

१ जानेवारी १९१८ रोजी भांडवलदार भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली आणि त्याच वर्षी ‘श्रीकृष्णजन्म’ पडद्यावर आला. गिरगावच्या तंबूत दिसलेला कृष्ण आठ वर्षांनी खरोखर अवतरला होता आणि तो होता त्यांच्याच घरातला. कृष्णाची भूमिका केली सुमारे सात वर्षांच्या मंदाकिनी या त्यांच्या कन्येने. पुढच्या वर्षीच्या ‘कालिया मर्दन’ मध्येही तीच कृष्ण झाली. मुलगा रोहिदास, मुलगी श्रीकृष्ण, आई स्वयंपाकघरापासून अंधारखोलीपर्यंत सर्वत्र आणि वडील कॅमेऱ्यामागे. कुटुंबाने मिळून सिनेमा पाहण्याचा आनंद आपण सारेच घेतो, कुटुंबाने मिळून सिनेमा जन्माला घातल्याचे उदाहरण जगातही विरळाच असेल.

पुढची कहाणी थोडक्यात सांगण्याजोगी आहे, कारण ती छापखान्याच्या कहाणीचीच पुनरावृत्ती आहे. भागीदारांना खर्चाचा हिशेब हवा होता, फाळक्यांना चित्रपट मनासारखा हवा होता. ते कंपनीतून बाहेर पडले, कुटुंबासह काशीला गेले, तेथे ‘रंगभूमि’ हे नाटक लिहिले. १९२२ मध्ये परत आले आणि पुन्हा कामाला लागले, परंतु पहिली घडी बसली नाही. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ने पडदा बोलता केला आणि मूकपटांचे दिवस भराभर सरले. त्यांचा ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून तयार झाला आणि नंतर त्यावर आवाज चढवावा लागला. ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव खराखुरा बोलपट कोल्हापूर सिनेटोनसाठी १९३७ मध्ये आला, तेव्हा ते सदुसष्ट वर्षांचे होते.

१९३९ मध्ये मुंबईत चित्रपट व्यवसायाचा रौप्यमहोत्सव झाला. ज्यांच्यामुळे तो साजरा होत होता ते फाळके निमंत्रितांच्या गर्दीत एक होऊन बसले होते. व्ही. शांताराम यांच्या ते लक्षात आले. त्यांनी त्यांना मानाने पुढे नेले आणि त्यांच्या घरासाठी निधी जमविण्यात पुढाकार घेतला. शंभराच्या आसपास चित्रपट काढलेल्या माणसाला म्हातारपणी राहत्या घरासाठी वर्गणी गोळा करावी लागली. युद्धाच्या काळात चित्रपट काढण्यास सरकारी परवाना लागे. सत्तरी ओलांडलेल्या फाळक्यांनी आणखी एक चित्रपट काढण्याची परवानगी मागितली, ती नाकारण्यात आली. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये त्यांचे निधन झाले.

मानसन्मान पुढे आले. १९६९ पासून त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाला, पहिला मान देविका राणी यांना मिळाला. १९७१ मध्ये टपाल तिकीट निघाले. गोरेगावच्या चित्रनगरीला त्यांचे नाव देण्यात आले. चित्रपट मात्र बहुतेक नाहीसे झाले. ‘राजा हरिश्चंद्र’ची काही रिळे उरली. ‘कालिया मर्दन’ त्यातल्या त्यात बऱ्याच अंशी सलग पाहावयास मिळतो.

गेल्या नाताळच्या सुटीत घरी जमलेल्या मुलांना तो लॅपटॉपवर लावून दाखविला. आवाज नाही, रंग नाही, म्हणून प्रारंभी चुळबूळ झाली. या चित्रपटाच्या आरंभी गोष्ट सुरू होत नाही. आधी मंदाकिनीचा साधा चेहरा दिसतो आणि त्यावर राग, हसू, लाडिकपणा असे भाव एकामागून एक उमटत जातात. मग त्याच चेहऱ्याचा कृष्ण होतो. मुलांची चुळबूळ तेवढ्यात थांबली होती. त्यांच्यातल्या सर्वांत धाकटीने, ही मुलगी कोणाची, असे विचारले. ज्यांनी हा सिनेमा काढला त्यांचीच, असे सांगितल्यावर ती पुन्हा पडद्याकडे वळली आणि कालियाच्या डोहापाशी तिने पांघरूण नाकापर्यंत ओढून घेतले.